काळ सोकावतो : हुजूर पक्षाचे रुसलेले मतदार

४ जुलै २०२४ च्या रात्री इंग्लंडच्या पूर्वेकडील किंग्ज लिन या गावात साउथ वेस्ट नॉरफक मतदारसंघाची मतमोजणी चालली होती. हा सखल, शेतीचा मुलूख. १९६४ पासून इथून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचाच खासदार निवडून येत होता. २०१९ मध्ये लिझ ट्रस यांना इथे ३५,५०७ मते पडली होती आणि मजूर पक्षाच्या उमेदवाराला ९,३१२. मताधिक्य २६ हजारांचे. असा मतदारसंघ हातून जाईल, असे कोणी मनातही आणत नाही. पण सकाळी निकाल जाहीर झाला तेव्हा माजी पंतप्रधान ट्रस ६३० मतांनी हरल्या होत्या.

आकडे जरा शेजारी शेजारी मांडून पाहावेत. विजयी मजूर उमेदवाराला ११,८४७ मते मिळाली, ट्रस यांना ११,२१७. रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाने ९,९५८ मते घेतली. जेम्स बॅग हे ट्रस यांच्यावर नाराज होऊन अपक्ष उभे राहिलेले स्थानिक परंपरावादी गृहस्थ. त्यांना ६,२८२ मते पडली. मतदारसंघाच्या सीमा मधल्या काळात थोड्या बदलल्या होत्या, तरी चित्र स्पष्ट आहे. मजूर पक्षाची मते वाढली अडीच हजारांनी, ट्रस यांची घटली चोवीस हजारांनी. शत्रूने तट फोडून हा गड घेतला नाही. गडावरची माणसेच दरवाजा उघडा टाकून खाली उतरली.

हे प्रकरण त्या माणसांविषयी आहे. ज्या पक्षाला आपण आयुष्यभर मत दिले, ज्याचे विचार अजूनही आपले वाटतात, त्याच पक्षाने निराश केले तर काय करायचे? पुन्हा एकदा मत द्यायचे, दुसरीकडे जायचे, की घरी बसायचे? लोकशाहीतला हा फार जुना आणि फार अवघड प्रश्न आहे. विरोधकाला नाकारायला धैर्य लागत नाही. आपल्या माणसाला नाकारताना मात्र हात अडखळतो.

हुजूर आणि मजूर

ब्रिटनच्या दोन मोठ्या पक्षांना मराठी वृत्तपत्रांनी फार पूर्वी यमक जुळणारी नावे दिली : कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष आणि लेबर म्हणजे मजूर पक्ष. 'हुजूर' या शब्दात जमीनदार, सरदार, राजनिष्ठा यांची छाया आहे. पण पक्षाच्या इंग्रजी नावाचा अर्थ निराळा आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे राखणारा, जतन करणारा. जे चालत आले आहे ते विचार केल्याशिवाय मोडू नये, सरकारने ऐपतीबाहेर खर्च करू नये, कायदा सर्वांना सारखा असावा आणि देशाच्या सीमा देशाच्या ताब्यात असाव्यात, ही त्या मतदाराची ढोबळ श्रद्धा. त्याला स्वप्ने दाखवणारा पक्ष नको असतो. त्याला विश्वासू कारभारी हवा असतो.

२०१९ च्या डिसेंबरात बोरिस जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली या पक्षाला जवळपास १ कोटी ४० लाख मते आणि ३६५ जागा मिळाल्या. साडेचार वर्षांनी मते उरली सुमारे ६८ लाख आणि जागा १२१. पक्षाच्या दीर्घ इतिहासात इतक्या कमी जागा कधी मिळाल्या नव्हत्या. म्हणजे दर दोन मतदारांमागे एक गेला. तो गेला कुठे? मजूर पक्षाने ४११ जागा जिंकल्या, पण त्याची एकूण मते २०१९ पेक्षा कमीच झाली होती. हुजूर पक्षाच्या जुन्या मतदारांपैकी साधारण एक चतुर्थांश रिफॉर्मकडे गेले, काही मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांकडे वळले आणि पुष्कळ जण मतदानालाच गेले नाहीत. एकूण मतदान ६७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर घसरले.

तक्रार नेमकी कशाची

पक्ष सत्तेत जुना झाला की लोक कंटाळतात, हे खरे. २०१० पासूनची चौदा वर्षे पुष्कळ होतात. पण इथे कंटाळ्यापेक्षा काहीतरी खोलवरचे घडले होते. राखणारा म्हणवणाऱ्या पक्षाने जे जे राखायचे, तेच एकेक करून गमावले होते.

पहिला धक्का नियमांचा. करोनाच्या काळात सरकारने लोकांना घराबाहेर पडू दिले नाही, मरणाऱ्या आईवडिलांना भेटू दिले नाही. एप्रिल २०२१ मध्ये राणी एलिझाबेथ आपल्या पतीच्या अंत्यविधीला चॅपलमध्ये एकट्या बसल्या होत्या. त्याच्या आदल्या रात्री पंतप्रधानांच्या कार्यालयात निरोपाच्या पार्ट्या झाल्या, हे नंतर उघड झाले. जॉन्सन त्या रात्री तिथे नव्हते, पण दुसऱ्या एका प्रसंगासाठी त्यांना आणि त्यांचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांना पोलिसांनी दंड केला. राजघराण्यावर जीव असलेल्या, नियम पाळणाऱ्या जुन्या मतदाराला हे किती लागले असेल, ते सांगायला नको.

दुसरा धक्का पैशाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रस पंतप्रधान झाल्या आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला त्यांच्या अर्थमंत्र्यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. ती भरून कशी काढणार, याचा हिशेब दिला नाही. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत नीचांकाला गेला, सरकारी रोख्यांचे भाव कोसळले आणि पेन्शन फंड वाचवण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडला धावावे लागले. घरकर्जाचे हप्ते वाढले. ट्रस ४९ दिवसांत पदावरून गेल्या. 'आमच्या हाती तिजोरी सुरक्षित' हा त्या पक्षाचा सर्वांत जुना दावा होता. तो एका आठवड्यात संपला.

तिसरा धक्का शब्दाचा. निव्वळ स्थलांतर वर्षाला लाखाच्या आत आणू, असे वचन पक्षाने २०१० मध्ये दिले होते. २०१९ च्या जाहीरनाम्यातही एकूण संख्या कमी होईल, असे म्हटले होते. प्रत्यक्षात जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेले होते, हे सुधारित सरकारी आकडेवारीने दाखवले. आलेल्यांत परिचारिका होत्या, वृद्धांची सेवा करणारे होते, विद्यार्थी होते. त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या कष्टांवर ब्रिटनची रुग्णालये चालतात. स्थलांतर चांगले की वाईट, हा वेगळा वाद आहे. मतदाराचा आक्षेप साधा होता : तुम्ही एक बोललात आणि उलटेच केलेत.

मात्र रुसलेले सगळे एकाच कारणाने रुसले नव्हते. जुन्या कोळसा खाणींच्या ॲशफील्डमध्ये २०१९ ला हुजूर पक्षाचे म्हणून जिंकलेले ली अँडरसन २०२४ मध्ये रिफॉर्मकडून जिंकले. तिथल्या लोकांना पक्ष फार मवाळ वाटत होता. उलट दक्षिणेतल्या सुखवस्तू चिचेस्टरने १९२४ पासून शंभर वर्षे जपलेली जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाला देऊन टाकली. तिथल्यांना पक्ष फार बेफाम वाटत होता. २०१० नंतरच्या पाच हुजूर पंतप्रधानांच्या मतदारसंघांपैकी कॅमेरॉन यांचा विटनी, मे यांचा मेडनहेड, जॉन्सन यांचा अक्सब्रिज आणि ट्रस यांचा साउथ वेस्ट नॉरफक हे चार पक्षाच्या हातून गेले. वाचला तो फक्त सुनक यांचा रिचमंड.

धरले तर चावते, सोडले तर पळते

निवडणुकीच्या आधीचे काही महिने अशा मतदारांच्या घरांत आणि क्लबांत जो वाद चालला, त्याच्या दोन्ही बाजूंत तथ्य होते.

राहा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे. आपल्या निवडणूक पद्धतीत मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो जिंकतो. उरलेल्यांची मते वाया जातात. मग रागाच्या भरात रिफॉर्मला मत देणे म्हणजे आडवळणाने मजूर पक्षाला सत्तेवर बसवणे. दुखावलेला पक्ष दुरुस्त करता येतो, मोडलेला पक्ष उभा करायला पिढी जाते. दोन्हींतले कमी वाईट निवडावे, राजकारण यालाच म्हणतात. हुजूर पक्षाने २०२४ च्या प्रचारात हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला.

जा म्हणणाऱ्यांचे उत्तर मराठीत एका म्हणीने देता येईल : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. एक निवडणूक हरली तर हरली. पण काहीही केले तरी ही माणसे आपल्यालाच मत देणार, हे एकदा पक्षाच्या लक्षात आले की तो सोकावतो. मग तो सगळे लक्ष कुंपणावरच्यांना देतो आणि घरच्यांना गृहीत धरतो. शिक्षेची भीती नसेल तर वचनाला किंमत राहत नाही.

आपणही हीच निवडणूक पद्धत ब्रिटनकडून घेतली आहे, त्यामुळे मतविभागणी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये तिचा परिणाम दोन्ही टोकांनी दिसला. २०१९ मध्ये नायजेल फराज यांनी हुजूर पक्षाच्या ताब्यातील ३१७ जागांवर आपल्या ब्रेक्झिट पक्षाचे उमेदवार उभे केले नाहीत आणि हुजूर पक्षाला ८० जागांचे बहुमत मिळाले. त्याच पक्षाने पुढे रिफॉर्म यूके हे नाव घेतले आणि २०२४ मध्ये जवळजवळ सर्वत्र उमेदवार दिले. त्याला ४१ लाख मते पडली, पण जागा मिळाल्या अवघ्या पाच. याउलट त्याच्यापेक्षा कमी, ३५ लाख मते मिळवून लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ७२ जागा घेतल्या, कारण त्याची मते ठरावीक भागांत एकवटलेली होती. 'तुमचे मत वाया जाईल' हा इशारा म्हणजे नुसता बागुलबुवा नव्हता. पण रिफॉर्म ९८ मतदारसंघांत दुसऱ्या क्रमांकावर आला होता. आजचे वाया गेलेले मत उद्याची पायरीही होऊ शकते.

कॅनडाने हे आधी पाहिले होते

या वादाचा शेवट कसा होतो, हे पाहायचे तर तीस वर्षे मागे आणि अटलांटिकपलीकडे जावे लागते. १९८४ मध्ये कॅनडाच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने ब्रायन मल्रोनी यांच्या नेतृत्वाखाली २८२ पैकी २११ जागा जिंकल्या. त्यात पश्चिमेच्या अल्बर्टासारख्या प्रांतांचा मोठा वाटा होता. दोनच वर्षांत तिथले लोक दुखावले. सीएफ-१८ लढाऊ विमानांच्या देखभालीच्या कंत्राटासाठी विनिपेगच्या कंपनीची निविदा स्वस्त आणि तांत्रिकदृष्ट्या सरस होती, तरीही सरकारने काम मॉन्ट्रियलला दिले. क्वेबेकला खूश ठेवण्यासाठी आपल्याला डावलले, ही भावना पश्चिमेत पसरली. पुढे १९९१ मध्ये सात टक्के वस्तू व सेवा कर आला. तूट काही आटोक्यात आली नाही.

१९८७ मध्ये प्रेस्टन मॅनिंग यांनी रिफॉर्म पक्ष काढला. 'पश्चिमेलाही आत यायचे आहे' हे त्याचे घोषवाक्य होते. देश सोडायचा नाही, त्याच्या कारभारात वाटा हवा, असा त्याचा अर्थ. त्या पक्षात एक तरुण अर्थशास्त्रज्ञ आला, स्टीफन हार्पर. तो आधी जिम हॉक्स या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह खासदाराचा सहायक होता आणि ओटावातला कारभार पाहून निराश होऊन परतला होता. १९८८ मध्ये तो कॅल्गरीत आपल्या जुन्या साहेबांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. १९९३ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि जिंकला.

त्या १९९३ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे जे झाले, त्याला लोकशाही देशांच्या इतिहासात फार थोडी उदाहरणे आहेत. मागच्या वेळी १६९ जागा जिंकलेल्या पक्षाला दोन जागा मिळाल्या. पंतप्रधान किम कॅम्बेल स्वतः पडल्या. मते मात्र सोळा टक्के होती, म्हणजे वीस लाखांहून जास्त लोकांनी तेव्हाही साथ सोडली नव्हती. रिफॉर्मला सुमारे १९ टक्के मते आणि ५२ जागा मिळाल्या, तर एकट्या क्वेबेकमध्ये लढलेल्या ब्लॉक क्वेबेक्वा पक्षाला साडेतेरा टक्के मतांत ५४.

पुढच्या दहा वर्षांत निघून जाण्याची किंमत कळली. १९९७ मध्ये लिबरल पक्षाला साडेअडतीस टक्के मते पडली. रिफॉर्म आणि जुना पक्ष यांच्या मतांची बेरीज जवळपास तेवढीच होते. पण ओंटारिओ प्रांतातल्या १०३ पैकी १०१ जागा लिबरलांनी नेल्या, कारण समोरची मते दोघांत जवळजवळ समसमान वाटली गेली होती. शेवटी २००३ मध्ये रिफॉर्मचा वारस असलेला कॅनेडियन अलायन्स आणि जुना पक्ष एकत्र आले. २००६ मध्ये हार्पर पंतप्रधान झाले, तेही अल्पमतातील सरकारचे. पूर्ण बहुमत मिळायला २०११ उजाडले. जो क्लार्क यांच्यासारख्या जुन्या नेत्यांना नवे घर आपले वाटले नाही आणि ते बाहेरच राहिले.

मग या मतदारांनी कमावले की गमावले? तेरा वर्षे सत्ता गेली, हे खरे. पण त्याच काळात लिबरल सरकारने १९९५ च्या अर्थसंकल्पात खर्चाला मोठी कात्री लावली आणि १९९७-९८ पर्यंत तूट संपवली. रिफॉर्मचा रेटा हे त्याचे एकमेव कारण नव्हते. कर्जबाजारीपणाचा धाक मोठा होता. तरी तुटीचा विषय रिफॉर्मने पाच वर्षे लोकांच्या तोंडी ठेवला होता. सत्ता न मिळताही मताला वजन येऊ शकते, ते असे.

बोलणे आणि निघून जाणे

या कोंडीला नेमके शब्द दिले ते एका अर्थशास्त्रज्ञाने. अल्बर्ट हर्शमन १९१५ मध्ये बर्लिनच्या ज्यू कुटुंबात जन्मले. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली, आणि १९४० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरातून अनेक निर्वासितांना निसटून जायला मदत केली. देश सोडणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. नायजेरियातली रेल्वे पाहताना त्यांना एक कोडे पडले. उत्तरेकडचा भुईमूग शेकडो मैल दूरच्या बंदरात नेण्याचे काम रेल्वेला सहज जमायला हवे, तरी व्यापारी ट्रककडे वळत होते आणि रेल्वे मात्र सुधारत नव्हती. गिऱ्हाईक गेले की दुकानदार शुद्धीवर येतो, हा अर्थशास्त्राचा नियम इथे का लागू पडेना?

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी उत्तर दिले. बिघडलेल्या संस्थेला ताळ्यावर आणण्याचे दोन मार्ग आहेत : निघून जाणे आणि बोलणे. ज्यांना चांगल्या-वाईटाची सर्वांत जास्त चाड, जे भांडून सुधारणा घडवू शकले असते, तेच बहुधा पहिले निघून जातात. मागे राहतात ते सोसणारे. नायजेरियाच्या रेल्वेचे तेच झाले होते. निष्ठेचे मोल इथे कळते. निष्ठा माणसाला काही काळ थांबवते आणि त्या काळात तो बोलतो. मात्र त्या बोलण्यामागे 'नाहीतर जाईन' ही शक्यता असावी लागते. ती नसेल तर बोलणे म्हणजे रडगाणे होते.

हुजूर पक्षाच्या गोष्टीत बिघाड कुठे झाला, ते यावरून दिसते. त्याच्या मतदारांनी न बोलता साथ सोडली, असे मुळीच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नॉर्थ श्रॉपशरच्या पोटनिवडणुकीत त्यांनी जवळपास २३ हजारांचे मताधिक्य पुसून टाकले. जून २०२२ मध्ये टिव्हर्टन अँड हॉनिटनमध्ये २४ हजारांचे. यापेक्षा मोठ्याने काय सांगायचे? पण बोलणे ऐकू जाण्याच्या वाटाच बुजल्या होत्या. १९५० च्या दशकात या पक्षाचे सुमारे २८ लाख सदस्य होते. गावोगावी शाखा होत्या, तिथे खासदाराला जाब विचारला जाई. २०२२ मध्ये नेता निवडताना सदस्य उरले होते सुमारे १ लाख ७२ हजार, म्हणजे देशातल्या दर हजार मतदारांमागे चारसुद्धा नाहीत. खासदारांच्या पाचही फेऱ्यांत सुनक पुढे होते, पण त्या सदस्यांनी ५७ टक्के मतांनी ट्रस यांना निवडले. ज्यांच्या घरकर्जाचे हप्ते पुढे वाढले, त्या लाखो मतदारांना त्यात शब्दही नव्हता. आणि ज्यांना जायचे नव्हते पण बोलून उपयोग होत नव्हता, त्यांच्या हाती एकच दार उरले.

हिशेब

२०२४ नंतर हा वाद मिटला नाही. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने इंग्लंडमध्ये ६७७ जागा आणि दहा परिषदा जिंकल्या. त्यांत केंटसारखा हुजूर पक्षाचा जुना बालेकिल्लाही होता. आता राहणाऱ्यांच्या मुद्द्यालाच उलटी धार आली आहे. 'दुसरीकडे दिलेले मत वाया जाते' हे पूर्वी हुजूर पक्ष सांगत असे. अनेक भागांत आज तेच वाक्य रिफॉर्म त्याच्याविरुद्ध वापरतो.

इतिहास कोणाच्याच बाजूने सरसकट कौल देत नाही. १८४६ मध्ये धान्यावरील आयातकर उठवण्यावरून रॉबर्ट पील यांचा पक्ष दुभंगला; त्यानंतर हुजूर पक्षाला कॉमन्समध्ये भक्कम बहुमत मिळाले ते १८७४ मध्ये. पील यांच्यासोबत बाहेर पडलेले ग्लॅडस्टन पुढे विरोधी लिबरल पक्षाचेच नेते झाले. फूट पडली की एक पिढी जाते, हे राहणारे बरोबर सांगतात. पण तशी फूट पडेपर्यंत पक्षाने कोणाचेच ऐकले नव्हते, हे जाणारेही बरोबर सांगतात.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. साउथ वेस्ट नॉरफकच्या त्या चोवीस हजारांना मी फितूर म्हणणार नाही. कारभाऱ्याने हिशेब दिला नाही, तर त्याच्याकडून किल्ल्या काढून घेण्याचा अधिकार घरच्यांना असतो. पण किल्ल्या काढून घेणे हा शेवटचा उपाय आहे आणि त्याची किंमत घरच्यांनाच मोजावी लागते. कॅनडाच्या मतदारांनी ती तेरा वर्षे मोजली. तिथवर पोहोचू नये, म्हणून मधली वर्षे असतात. पक्षाच्या सभेला जाऊन प्रश्न विचारावा, उमेदवार कसा ठरला याचा जाब मागावा, पोटनिवडणुकीतला इशारा वरपर्यंत पोहोचला की नाही ते पाहावे. निष्ठा ठेवायची असेल तर ती बोलती ठेवावी. वाचकहो, आपला पक्ष कोणताही असो, तो आपल्याला गृहीत धरतो आहे असे वाटू लागेल त्या दिवशीच त्याला तसे सांगा. मतदानाच्या दिवसापर्यंत थांबलात, तर सांगायला फक्त एक बटण उरते.